मोठ्या हॉटेलातली नवमी

आमच्या घरी खंडेनवमीच्या जेवणाला अप्पा कधीच नसायचे. दसऱ्याला असायचे, संक्रांतीला सकाळपुरते असायचे, दिवाळीत फराळाच्या ताटाशी उभ्याउभ्या तरी सापडायचे. नवमीला मात्र नाही म्हणजे नाही. पहाटे आंघोळ उरकायची, इस्त्रीचा काळा कोट हातावर टाकायचा आणि सायकल हाणत सैदापेटेच्या घरून गिंडीतलं मोठं हॉटेल गाठायचं. संध्याकाळी परतले की आईने झाकून ठेवलेलं गार जेवण जेवायचे आणि वर सांगायचे, आज हॉटेलात काय पंगत झाली! आई ताक वाढायची आणि आत जायची.

अप्पा त्या हॉटेलात मेजवान्यांचे कॅप्टन होते. कॅप्टन म्हणजे वाढप्यांचा म्होरक्या. कोणी कुठल्या टेबलावर जायचं, काय आधी यायचं, कुठल्या पाहुण्याचं पान रिकामं दिसतंय, हे सगळं नुसत्या भुवयांनी सांभाळणारा माणूस. ते निवृत्त झाले तेव्हा आईला वाटलं, आता तरी नवमी घरात होईल. कसचं काय! निवृत्तीनंतरही दर नवमीला हॉटेलातून बोलावणं यायचं, कारण त्या दिवसाच्या जेवणाची रीत त्यांच्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, असं हॉटेलवाल्यांचं म्हणणं. माझं म्हणणं असं की अप्पांनी ती रीत मुद्दामच कोणाला पुरती शिकवली नव्हती.

हा माणूस घरी कसा होता तेही सांगून टाकते. घरी स्वतःच्या पानातलं मीठ संपलं तरी हाक मारणार. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. अनोळखी माणसांच्या मागे भाताची परात घेऊन धावणाऱ्या अप्पांनी घरात कधी कोणाला चमचाभर वरण वाढल्याचं मला आठवत नाही. आईचं पान सगळ्यांच्या शेवटी, आणि तेही तिचं तिनेच वाढून घेतलेलं. मी लहानपणी याच्यावर चिडायची, अजूनही चिडते. आई चिडत नसे, आणि त्यावर मी आणखी चिडायची.

यंदा श्रावणात बातमी आली की दसरा झाला की हॉटेल बंद होणार. जागा विकली गेली, तिथे काचेची उंच इमारत येणार. गिंडीत आता सगळीकडे तशाच इमारती आहेत, त्यात आणखी एक. शेवटची नवमी तेवढी थाटात करायची आणि जुन्या नोकरांना घरच्यांसकट पाहुणे म्हणून बोलवायचं, असं ठरलं. पाहुणे म्हणून! आमच्यातलं कोणीही त्या दारातून आत गेलेलं नव्हतं. नोकरांच्या घरच्यांनी यायचं नाही असा जुना नियम होता, आणि अप्पा तर नियमाच्याही दोन पावलं पुढे. मी मागच्या गल्लीतल्या फाटकापाशी डबा पोचवायला जायची, तर तिथूनही मला हाकलायचे.

आमंत्रण आलं त्या दिवशी आईने तोंड उघडलं. आम्ही तंजावरकडचे मराठी. घरात बोलतो ती मराठी तीनशे वर्षं तमिळच्या शेजारात मुरलेली. माझ्या पुण्याच्या सासूबाई माझ्या आईशी पहिल्यांदा फोनवर बोलल्या आणि फोन ठेवून म्हणाल्या, "फार गोड बोलतात हं. पण काय म्हणाल्या?" तर त्या गोड बोलीत आई म्हणाली, "मला दुसरं काही नक्को. नवमीचं जेवण तुम्ही माझ्या बाजूस बसून जेवाचं. एकदां. अस्के लोक कित्येक वर्षं तुमच्या पंगतीस बसले, मी सोडून."

अप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "बसतों की. त्यात काय?"

"शब्द द्या."

"दिलों."

आईला त्या शब्दावर काडीचा भरवसा नव्हता. दुसऱ्याच दिवशी तिने काळा कोट धोब्याकडे टाकला आणि नवमी होईपर्यंत आणायचा नाही, असं मला बजावून ठेवलं.

मला हॉटेलातून वेगळंच काम आलं. मी तांबरमच्या कॉलेजात इतिहास शिकवत होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन सुटले. ते कोणीतरी त्यांच्या कानावर घातलं असणार. हॉटेलची जाहिरात सांभाळणाऱ्या एका चुणचुणीत मुलीचा फोन आला. समारंभात पडद्यावर दाखवायला हॉटेलचा इतिहास हवा होता, इंग्रजीत, दोन पानं. कोण राजे आले, कोण मंत्री आले, कोणत्या नट्या उतरल्या. मी अप्पांना विचारलं. ते म्हणाले, "राजा कशाला येईल गिंडीला? लेथ बघायला?"

आणि मग जो इतिहास त्यांनी सांगितला तो मला तुकड्यातुकड्याने आधी ठाऊक होता, पण सलग कधी ऐकला नव्हता.

गिंडीत कारखान्यांची वसाहत उभी राहिली तेव्हा तिथे छोट्या छोट्या शेड होत्या. कोणी बोल्ट करी, कोणी पंपाचे भाग, कोणी साचे ओती. यंत्रं परदेशातून यायची आणि ती बसवून द्यायला जर्मन, झेक, जपानी फिटर यायचे. ते उतरायचे पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. त्यांना आणण्यापोचवण्यात अर्धा दिवस जायचा. यंत्रांच्या व्यापारात चांगले पैसे मिळवलेल्या एका परमुलखातल्या गृहस्थांनी ते हेरलं आणि थेट वसाहतीच्या तोंडाशी हॉटेल बांधलं. बांधलं ते असं की गिंडीने तोंडात बोट घातलं. संगमरवरी जिना, सागवानी लिफ्ट, जेवणाच्या दालनात बेल्जियमचं झुंबर. समोरच लोखंड ठोकायचा कारखाना होता, त्याचा मोठा घण दिवसभर चालायचा, आणि प्रत्येक घावाला झुंबर किणकिणायचं. पाहुण्यांना आधी त्रास व्हायचा. महिनाभर राहिलेला जर्मन मात्र रविवारी घण बंद असला की तक्रार करायचा, आज जेवण जात नाही म्हणून.

मालकांनी उद्घाटनाचा दिवस नवमीचा धरला. त्यांचा हिशेब सरळ होता. त्या दिवशी गिंडीतले सगळे कारखाने बंद, म्हणजे सगळे कारखानदार मोकळे. दुपारच्या भोजनाचं निमंत्रण सगळ्यांना गेलं आणि सगळ्यांनी येतो म्हणून कळवलं. फक्त कारखाने का बंद असतात हा प्रश्न मालकांनी कोणाला विचारला नाही. विचारला असता तर कोणीही सांगितलं असतं. आपण खंडेनवमी म्हणतो, इथे आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी हत्यारं धुऊनपुसून, चंदनकुंकू लावून पूजेला ठेवायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. लेथपासून रिक्षापर्यंत सगळ्यांना त्या दिवशी विश्रांती. आणि हॉटेलातल्या नोकरांना वाटलं, मालक एवढा मोठा माणूस, त्याला हे ठाऊक असणारच, जेवण बाहेरून येत असेल. मालकांना वाटलं, नोकर आहेत, करतील. कोणी कोणाला विचारलं नाही. आपल्याकडे बऱ्याच गोष्टी अशाच ठरतात.

सकाळी नऊला मॅनेजर स्वयंपाकघरात शिरला. मॅनेजर कलकत्त्याचा, टाय लावलेला. बघतो तर सगळ्या सुऱ्या एका पाटावर ओळीने निजवलेल्या, त्यांना कुंकू, त्यांच्यावर झेंडूची माळ. खोबरं खवायच्या खवण्या, किसण्या, ओलं पीठ वाटणारं यंत्र, सगळ्यांना चंदन. जेवणाच्या टेबलावरचे चांदीचे काटे-सुऱ्या पेटीसकट सरस्वतीच्या तसबिरीपुढे. बाहेर स्वागतकक्षातला टाइपरायटर फुलांत बुडालेला. आणि लिफ्टवाला लिफ्टच्या दाराला केळीचे खांब बांधून हात जोडून उभा. दोन-तीनशे माणसं तीन तासांत जेवायला येणार होती.

मॅनेजर ओरडला, मग विनवू लागला, मग खाली बसला. मुख्य आचारी कुंभकोणमचे, अंगापिंडाने भरलेले, शांत. ते म्हणाले की सुरीला आज हात लावला तर वर्षभर बोटं कापतील, माझी नाहीत तर तुमची. मग तिथेच न्यायनिवाडा सुरू झाला. भांडं हत्यार आहे का? झारा? चूल? अप्पा हा भाग रंगवून सांगतात. आचाऱ्यांनी अखेर निकाल दिला: जे कापतं, किसतं, कुटतं, फिरतं ते हत्यार. जे धरून ठेवतं ते भांडं. भांड्यांना सुट्टी नाही. आणि चूल हत्यार नाही, देव आहे, तिला सुट्टी देणारे आपण कोण?

म्हणजे शिजवता येणार होतं, चिरता येणार नव्हतं. अप्पा तेव्हा नवे वाढपी, लग्नालाही वर्ष झालेलं नव्हतं. ते मध्येच बोलले, माझ्या घरी आज विळी पूजेला आहे आणि तरी जेवण होतंय, विचारून येतो. सायकल काढली, सैदापेटेला आले. आई स्वयंपाक करत होती. त्यांनी विचारलं, न चिरतां काय काय होतं ग? आईने हात न थांबवता सांगितलं. तिच्या माहेरी, तंजावरला, नवमीचं जेवण पिढ्यान्पिढ्या तसंच होत आलेलं. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. उलट म्हणाली, आलाच आहात तर जेवून जा, पान मांडलंच आहे. अप्पा म्हणाले, आलोंच. आणि सायकलवर बसून गेले.

आई सांगते, तिने त्या दिवशी दुपार टळेपर्यंत वाट पाहिली आणि मग एकटी जेवली. लग्नानंतरची पहिली नवमी.

हॉटेलात मात्र धमाल उडाली. सांबारात अख्खे सोललेले कांदे. शेंगा हाताने मोडलेल्या, पालेभाजी बोटांनी खुडलेली, बटाटे उकडून कुस्करलेले, वांगी भाजून भरीत. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून आमची डांगरपच्चडी. लिंबू कापता येत नाही म्हणून चिंचेचा भात. लाल भोपळा आचाऱ्यांनी स्वतः उचलला आणि मागच्या अंगणातल्या दगडावर आपटला. केळीची पानं आदल्या दिवशीच कापून आलेली, ती पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथांवर मांडली. काटे-सुऱ्या देवापुढे, म्हणून सगळ्यांनी हातानेच जेवायचं. लिफ्टही देवापुढे, म्हणून सुटाबुटातले कारखानदार घाम पुसत तीन मजले चढून आले. वर पानं बघून आधी गोंधळले, आणि मग कोट काढून, बाह्या सरसावून असे जेवले की बस. कारण सगळ्यांच्या घरी त्या दिवशी तेच जेवण होतं आणि ते सोडून ते नाइलाजाने इथे आले होते. एका जर्मन फिटरने डांगरपच्चडी चार वेळा मागून घेतली. मालक सगळं बघत होते. शेवटी त्यांनी मॅनेजरला विचारलं, "ही तुमची कल्पना?" मॅनेजर म्हणाला, "होय साहेब."

तेव्हापासून दर नवमीला मोठ्या हॉटेलात सुरी न लावलेलं जेवण. गिंडीतल्या कारखानदारांत त्या पंगतीचं आमंत्रण म्हणजे मान. पुढे समोरचा घणाचा कारखाना गेला, झुंबर गप्प झालं. शेड पाडून संगणकाच्या कंपन्या आल्या, मेट्रो आली. मालकांच्या मुलांनी हॉटेल विकलं, घेणाऱ्याने पुढे विकलं. पुराच्या वर्षी अड्यार नदीचं पाणी तळमजल्यात शिरलं, तेव्हा मेजवानीच्या दालनात आसपासची वस्ती चार दिवस झोपली आणि अप्पा, सत्तरी ओलांडलेले, तिथे खिचडी वाढत होते. आईला सांगितलं होतं की बँकेत जाऊन येतो.

हे सगळं मी दोन पानांत बसवलं. जाहिरातवाल्या मुलीने वाचून फोन केला. फार छान आहे म्हणाली, फक्त भोपळा दगडावर आपटण्याचं वाक्य काढलं तर चालेल का, स्वच्छतेच्या दृष्टीने? मी म्हटलं, दगड धुतलेला होता. ते वाक्य राहिलं.

नवमीच्या सकाळी मी तांबरमहून लोकल धरून सैदापेटेला आले. आई तयार होती. मोरपंखी रेशमी नऊवारी, जी तिने माझ्या लग्नानंतर नेसलेली मला दिसली नव्हती. नाकात मोठी बेसर. अप्पांनी कपाटात कोट शोधला, मग पलंगाखाली शोधला, मग माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. त्यांनी मुकाट्याने जरीकाठी वेष्टी, म्हणजे इथलं धोतर, नेसली, वर पांढरा सदरा. छान दिसत होते. मी तसं सांगितलं तर म्हणाले, "नवऱ्या मुलाचा बाप दिसूलालों."

पुढच्या दारातून आम्ही आत गेलो. लिफ्टला केळीचे खांब होते, म्हणून जिना. आईने संगमरवरी पायऱ्यांपाशी चप्पल काढली. अप्पा कुजबुजले, घाल, घाल, इथे कोणी काढत नाही. ती म्हणाली, "पाय गार होतात, बरं वाटतं." आणि अनवाणीच चढली. मध्ये दोनदा थांबली, दम लागला म्हणून नव्हे, वर बघायला. दालनातलं झुंबर पाहून तिने अप्पांकडे वळून विचारलं, "हें तुम्ही रोज बघितलांत?" जणू त्यांनी घरापासून काहीतरी लपवून ठेवलं होतं.

पंगत मांडली होती. लांब टेबलं, पांढरी कापडं, त्यावर हिरवी पानं. आईने अप्पांना आपल्या डाव्या बाजूला बसवलं आणि मी तिच्या उजव्या बाजूला. आमच्या टेबलावर, समोरच्या टेबलावर, सगळीकडे जुनी मंडळी. कोणी लॉन्ड्रीत होतं, कोणी दारावर, आणि वाढपी तर बरेच. सगळे रेशमात, सगळे अवघडलेले. बसायची सवयच नाही हो त्यांना त्या खोलीत!

वाढायला यंदा बाहेरचे कंत्राटी लोक होते. बिचारे भलते गडबडले होते. मिठाच्या आधी पापड आला. लोणचं पानाच्या खालच्या बाजूला पडलं. रस्सम भाताच्या आधी येऊन परत गेलं. पडद्यावर माझा इतिहास सुरू झाला, पण त्याच वेळी चिंचेचा भात आला आणि इतिहासाकडे एकाही माणसाने पाहिलं नाही. मी स्वतः पाहिलं नाही.

अप्पा ताठ बसले होते. दोन्ही हात मांडीवर. आईने पहिला घास घेतला, त्यांनी घेतला नाही. पलीकडच्या ओळीत एका म्हाताऱ्या बाईंचं पान रिकामं होतं आणि सांबारवाला तिच्यापुढून तसाच निघून गेला. अप्पांचा गुडघा टेबलाखाली थडथड हलू लागला. समोरचे एक जुने वाढपी, पंचाहत्तरीचे तरी असतील, हळूच उठले, वेष्टी दुमडून घेतली आणि एकाच्या हातातली बादली काढून घेतली. मग आणखी एक उठले. सुंभ जळला तरी पीळ जात नाही. हल्लीचा मॅनेजर धावत आला, "बसा, बसा, तुम्ही पाहुणे आहात." त्यांना ऐकू आलं नाही, किंवा आलं.

अप्पा उठले नाहीत. शब्द दिला होता. पण तो माणूस जेवतही नव्हता. समोर आयुष्यभराचं आवडतं जेवण आणि चेहरा असा की वर्गाबाहेर उभं केलंय. मला राग यायला हवा होता, कारण मी आईच्या बाजूची. पण मला त्यांचं वाईट वाटत होतं आणि आईचंही.

आईने तीन-चार घास खाल्ले. त्यांच्याकडे बघितलं. मग परत त्यांच्या हलणाऱ्या गुडघ्याकडे बघितलं.

"उठा," ती म्हणाली.

"नक्को. बसतों म्हटलों ना."

"उठा म्हणतें. मी पाहिलें नाहीं कधीं तुम्हांस वाढतांना. पहिलें मला वाढा, मग जावा कुठे जायाचं ते."

अप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं, खरंच म्हणतेस का म्हणून. आणि उठले. काय सांगू! चौऱ्याऐंशी वर्षांचा वाकलेला माणूस खुर्चीतून उठला आणि सरळ होत होत चांगला वीतभर उंच झाला. सांबाराची बादली त्यांनी कोणाकडून घेतली ते मला दिसलंसुद्धा नाही. डाव्या हातात बादली, किंचित पाठीमागे. आईच्या उजव्या बाजूने आले, माझ्या आणि तिच्यामधून, मला कोपर न लागू देता. पळी तिच्या पानावर कलती धरली, भाताला बरोबर मध्ये आळं होतं तिथे. एक अख्खा कांदा पडला, मग दुसरा. थेंब इकडे की तिकडे नाही.

"पुरे," आईने पानावर हात आडवा धरला.

अप्पा हलले नाहीत. पळी तशीच धरून, किंचित वाकून थांबले. पाहुण्याचा पहिला ‘पुरे’ खरा नसतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. आईला ते ठाऊक नव्हतं, तिला कोणी कधी दुसऱ्यांदा विचारलंच नव्हतं. तिचा हात पानावर तसाच राहिला. मग तिने तो काढला. अप्पांनी वाढलं. ती खाली मान घालून हसत होती आणि डोळे डाव्या हाताने पुसत होती. मीही रडत होते, उगाच नाही, चांगली रडत होते, आणि मला इतका आनंद झाला होता की मी तिसऱ्यांदा भात घेतला.

त्यानंतर अप्पा वाढायला गेले ते गेलेच. दालनभर त्यांच्या भुवया चालू होत्या. कंत्राटी लोक आपोआप त्यांच्या तालात आले, म्हातारे तर कधीचेच आले होते. त्या म्हाताऱ्या बाईंच्या पानात सांबार पडलं. डांगरपच्चडी फिरली, परत फिरली. आई घास थांबवून त्यांना बघत राहायची. एकदा मला म्हणाली, "किती बरं दिसतात ग काम करतांना. मला कोणी सांगितलें नाहीं."

पायसम झालं, ताकभात झाला. माणसं पानं मिटून उठू लागली. आमच्याकडे जेवण संपलं की पान आपल्या बाजूला दुमडायचं, म्हणजे पोट भरलं, यजमानाचं भलं होवो. पान मिटलं की जेवण मिटलं. आईने मिटलं नाही. पानाच्या कोपऱ्यात तिने मूठभर ताकभात ठेवला होता आणि ती नुसती बसून राहिली. शेजारच्या खुर्चीवर तिने आपली पर्स ठेवली. एक कंत्राटी वाढपी पान उचलायला आला, त्याला तिने तमिळमध्ये सांगितलं की अजून जेवते आहे. त्याने ताकभाताकडे पाहिलं आणि तो गेला.

मी म्हटलं, "आई, हात वाळला तुझा. धुऊन ये, मी बसते इथे."

"उठलें तर झालें की जेवण," ती म्हणाली. "येतील."

दालन रिकामं होत गेलं. टेबलक्लॉथ निघाले, आमचं तेवढं राहिलं. पडद्यावर माझा इतिहास कोणीतरी पुन्हा पहिल्यापासून लावला होता. शेवटी वाढप्यांची पंगत बसायची वेळ झाली. वाढणारे नेहमीच सगळ्यांच्या शेवटी जेवतात. म्हातारे हात धुऊन, कपाळ पुसत, एकमेकांच्या चुका काढत येऊन बसू लागले. अप्पाही आले. आईची पर्स उचलून तिच्या मांडीवर दिली आणि बसले. त्यांच्यापुढचं पहिलं पान कधीच उचललं गेलं होतं.

कंत्राटी लोकही पंगतीला बसले, आता वाढायला उरलं होतं कोण? मी उठले. नवं पान मांडलं, त्यावर पाणी शिंपडलं, मीठ, लोणचं, भात, तळाशी राहिलेलं गार सांबार. "डावीकडून काय येतेस?" अप्पा म्हणाले. मी उजवीकडून आले. आई म्हणाली, मलाही थोडं दे, मघाशी बघण्यात जेवायचं राहिलं. मी तिला वाढलं, ती पुरे म्हणाली, आणि मी पळी धरून थांबले.

दोघं शेजारी शेजारी बसून जेवले. फार काही बोलले नाहीत. सांबारात मीठ कमी आहे, असं अप्पा म्हणाले, आणि आई म्हणाली की बरोबर आहे. त्यांचा शेवटचा घास होईपर्यंत तिने आपला शेवटचा घास ठेवला होता. मग दोघांनी एकदमच आपापलं पान मिटलं.